मुराळी दारात उभा होता

एकाहत्तर साल. मी चोवीस वर्षांचा होतो, आणि तुझ्या भावानं भर मांडवात माझा कान पिळला.

हौसा, तिथनंच सुरू करतो. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात. मला जमणार नाही. तू गेलीस त्याला आज पंधरावा दिवस, आणि माझा राग उतरलेला नाही. तुझ्यावरचा नाही, तुझ्या त्या भावावरचा, केरबावरचा नाही, आणि स्वतःवरचा तर वाढतच चाललाय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आधी भाकरी खावा, मग भांडा." आता मधे भाकरी आणून ठेवणारं कोण नाही, म्हणून एका दमात भांडून घेतो.

कानपिळी हा मान असतो, हे मला काय कळत नव्हतं? नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान धरायचा, बहिणीला नीट नांदवा म्हणून सांगायचं, नवऱ्याकडच्यांनी त्याला फेटा बांधायचा, सगळ्यांनी हसायचं. दोन बोटांत धरायचा आणि सोडायचा, एवढंच. पण तुझा केरबा पडला गगनबावड्याच्या घाटात लाकडाच्या मोळ्या वाहणारा गडी. त्याच्या बोटांना हलकं धरणं ठाऊकच नव्हतं. माझ्या कानात त्या दिवसासाठी घातलेली नवी सोन्याची मुदी. त्यानं पिळला तसा मुदीनं कान फाटला. पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताची धार. आणि मांडव हसला. माझे सोबती हसले. माझा सख्खा चुलता हसता हसता खाली बसला.

केरबा म्हणाला, "दाजी, ध्यानात ऱ्हाऊ द्या. बहीण दिलीया."

राहिलं ध्यानात. कान आठ दिवसांत भरून आला, पण ध्यानातनं ते हसणं गेलं नाही.

संध्याकाळी तुझी पाठवणी. वऱ्हाडाचा ट्रक वाटेवर उभा, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, वळीव यायच्या आत घाटरस्ता सोडूया म्हणून चुलता ओरडतोय, आणि तू दाराची चौकट धरून. तुझी आई तुझी बोटं एकेक करून सोडवत होती. एक सोडवलं की तू दुसरं आवळायचीस. शेवटी केरबानं तुला उचललं आणि खताचं पोतं ठेवावं तसं आणून केबिनमध्ये माझ्याशेजारी ठेवलं. तो पण रडत होता. मी ते बघितलं होतं. आज सांगतो, बघितलं होतं. पण एक हात कानावर धरून बसलेल्या माणसाला दुसऱ्याचं रडणं खरं वाटत नाही.

कळे गाव येईपर्यंत तू रडत होतीस. मोठ्यानं नाही, आत ओढून घेतल्यासारखं. मग मी बोललो. लग्न लागल्यावर तुझ्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य ते. "रडतीस काय एवढं? कोण मेलंय काय?"

तू गप झालीस. डोळे पुसलेस, पदर सारखा केलास आणि समोरच्या काचेतनं बघत बसलीस. मला वाटलं, बाई शहाणी आहे, एका शब्दात ऐकते. चोपन्न वर्षं मी हे लोकांना कौतुकानं सांगत आलो. "आमची कधी रडली न्हाय बघा." सांगताना मिशीवरनं हात फिरवत होतो.

त्याच साली श्रावणात पंचमीला केरबा तुझा मुराळी म्हणून आला. आताच्या पोरांना मुराळी म्हणजे काय ते सांगावं लागतं. सासरी दिलेली पोर सणाला आपली आपण उठून जात नाही. माहेरचं माणूस तिला न्यायला येतं, भाऊ नाहीतर चुलता. सासरच्यांनी त्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, जेवू घालायचं आणि पोरीला त्याच्याबरोबर पाठवायचं. तो आला म्हणजे तिच्यामागं कोणीतरी आहे, हे गावाला दिसतं. तू दोन दिवस आधीच गाठोडं बांधून ठेवलं होतंस. हातावर मेंदी काढली होतीस. रस्त्यावर पाणी आल्यानं एस्टी अर्ध्यात थांबली, तर केरबा घोंगडं पांघरून उरलेली वाट चालत आला. गुडघ्यापर्यंत चिखल. अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, हौसाला न्ह्यायला आलोय."

मी सोप्यात बसलो होतो. उठलो नाही. म्हणालो, "आमच्यात पाठवायची पद्धत न्हाय."

साफ खोटं. माझी आईच आतनं म्हणाली, "आरं, काय बोलतोस? पोरीची पहिली पंचमी हाय."

"तू गप बस, आई. हा काय बहिणीला न्ह्यायला आल्याला न्हाय. दुसरा कान ऱ्हायलाय, तो पिळायला आलाय."

केरबा खाली बघत होता. म्हणाला, "चुकलं असंल माझं. हात जड पडला. पायावर डोस्कं ठेवतो, पण पोरीला घेऊन जाऊ द्या. आई वाटंकडं डोळं लावून बसलीया."

पायावर डोकं ठेवतो म्हणाला, हौसा. तुला आतनं ऐकू आलं होतं का? मला आलं होतं. मांडवात हसलेले सगळे तिथं असते तर मी ठेवून घेतलं असतं. पण अंगणात कोण नव्हतं. बघायला कोण नसताना माफ करून काय फायदा, असा माझा हिशोब. म्हणालो, "पाऊल आत टाकायचं न्हाय."

त्यानं आईनं दिलेली लाह्यांची पिशवी पायरीवर ठेवली. पाणी सुद्धा मागितलं नाही. जाताना वळून म्हणाला, "बरं. आता तुम्ही तुमच्या तोंडानं या म्हनल्याबिगर ह्या दारात माझं पाऊल पडणार न्हाय. पण बोलवा, दाजी. कदीबी बोलवा."

मी बोलावलं नाही. तो आला नाही. संपलं. चोपन्न वर्षं एवढ्यात संपली.

आता तुझी चूक सांगतो. तुझी पण आहे. दसरा झाला की मी गुऱ्हाळावर जायचो तो होळीलाच घरी यायचो. गुळव्या होतो मी. उसाचा रस काहिलीत उकळत असताना कधी विस्तव ओढायचा आणि कधी काहील उतरायची, हे ठरवणारा माणूस. घटकाभर चुकलं तर दिवसभराचा रस वाया. पाच गावांत माझ्या हाताची ढेप ओळखायचे. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने तुला अडवायला मी घरात नसायचो. माझी आई तुझ्या बाजूची. तेव्हा जायचं होतंस! दोन दिवस जाऊन आली असतीस, तर मला कोण सांगणार होतं? आईनं तुला दोनदा म्हटलं होतं, हे मला तिच्या मरणाच्या वेळी कळलं. तू गेली नाहीस. डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन गुऱ्हाळावर मात्र यायचीस, चार मैल.

एकदा मीच म्हणालो. आपला संभा तेव्हा शाळेत जायला लागला होता. गल्लीत पंचमीला आलेल्या परक्यांच्या पोरींच्या हातावर तू मेंदी काढत बसली होतीस, आणि मला का कोण जाणे, ते बघवलं नाही. म्हणालो, "जा की तू. मी काय दावं बांधलंय काय? एस्टी जाती रोज."

तू मेंदीवरनं मान वर न करता म्हणालीस, "मुराळ्याबिगर सासरची बाई माहेराला जाती ती दोनच वक्ताला. हाकलून दिल्यावर, न्हाय तर कोण मेल्यावर. आईनं दारात इचारलं तर ह्यातलं कुठलं सांगू?"

त्या पोरी हसल्या. मी चप्पल घालून बाहेर गेलो. त्या बोलण्याला उत्तर शोधायला गेलो म्हण. अजून सापडलेलं नाही.

मी काही राक्षस नव्हतो. संभाच्या वेळी तुझी आई आली होती, पंधरा दिवस राहिली. मी तिला अडवलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ते तुझं ह्या घरात झालं, तरी ती बाई मला एका शब्दानं बोलली नाही. जाताना माझ्याच पोराची अलाबला घेतली. आणि ती वारली तेव्हा मी तुला घेऊन गेलोच की. पण तुझ्या घरात पाऊल टाकलं नाही. रस्त्यावर फणसाखाली उभा राहिलो, पावसात, छत्री धरून. तू आत आईपाशी. तुला आईचं तोंड दाखवलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आणलं. रक्षाविसर्जनाला सुद्धा राहू दिलं नाही. गाडीत तुझ्याकडं बघितलं तर तू समोर काचेतनं बघत होतीस. डोळे कोरडे. मी मनात म्हणालो, बघा, आमची रडत नाही.

संभाला तू कधी यातलं सांगितलं नाहीस. बापाबद्दल त्याच्या कानात एक शब्द घातला नाहीस. त्याला मामा आहे पण येणं-जाणं नाही, एवढंच त्याला ठाऊक. तुझी ही भलाई मला आता विस्तवासारखी लागते. काहिलीतला पाक उडून माझा हात भाजला, तेव्हा महिनाभर तू मला लेकरासारखं भरवलंस. घासागणिक म्हणू शकली असतीस की, तुमचा हात भाजला तर एवढं, माझं काय? म्हणाली नाहीस. म्हणायचं होतंस. माणूस समोरनं बोलला की भांडता तरी येतं. तुझ्या न बोलण्याशी भांडायला मला कुठलीच जागा सापडली नाही.

मग दोन वर्षांमागं तू विसरायला लागलीस. आधी मीठ, मग चुलीवरचं दूध, मग पुण्याला शिकायला असलेल्या नातवाचं नाव. सुनीता सांभाळून घ्यायची. आपल्याला सून चांगली मिळाली, हे तू शुद्धीत असताना रोज म्हणायचीस. तेवढं एक तुझं-माझं एकमत. आणि एका सकाळी बघतो तर तू नवं पातळ नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन, दाराच्या पायरीवर बसलेली.

"काय गं, कुठं निघालीस?"

तू माझ्याकडं बघितलंस. ओळख नाही डोळ्यांत, पण अदब होती. म्हणालीस, "पावणं, आमच्यातनं कोण न्ह्यायला आलंय काय, बघा की जरा."

पावणं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला म्हणतात तसं.

राजारामपुरीतल्या डॉक्टरकडं तुला मीच नेलं, तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टरीण कोवळी पोर होती. तिनं माझ्याकडं बोट करून विचारलं, "आजी, हे शेजारी कोण बसलेत?"

"पावणं हायत."

"कुठले पाहुणे?"

"त्यास्नीच इचारा की. मी हितं नवीन हाय." मग तुला बहुतेक माझी दया आली. म्हणालीस, "चा मातूर चांगला करत्यात."

डॉक्टरीण हसली. मी पण हसलो असेन. खाली आल्यावर रिक्षात तू मला विचारलंस, "पावणं, हितनं गगनबावड्याची गाडी मिळंल काय?" तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. रिक्षावाला आरशातनं बघतोय, आणि मी ओरडतोय, "चोपन्न वर्षं झाली तुला येऊन! ह्या घराच्या भिंती तू सारवल्यास. म्हशी तू पाळल्यास. पोरगं तुझं, सून तुझी, दार तुझं. घर तुझं हाय ते, तुझं!"

तू ऐकून घेतलंस आणि समजूत घातल्यासारखं म्हणालीस, "व्हय, चांगलं हाय की तुमचं घर."

त्यानंतर रोज पायरीवर. सुनीतानं तोड काढली होती. म्हणायची, "आत्ती, पाऊस लई हाय. रस्ता बंद हाय. उद्या येनार हायत." बाहेर माघातलं कडक ऊन, वाटेवर फुफाटा, आणि तू बाहेर बघून मान हलवायचीस, "व्हय बाई, लई पाऊस हाय." गाठोडं घेऊन आत यायचीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी सुनीतावर खेकसायचो, खोटं का सांगतीस म्हणून. ती सरळ बाई, पण त्या दिवशी तिनं मला सुनावलं.

"मग खरं काय सांगू, मामा? तुम्ही सांगा खरं." आणि मग, "केरबामामा आजून हायत. त्यांच्या नातवाचा नंबर हाय आमच्याकडं. एक फोन लावा. धा मिन्टं येऊन आत्तींच्या शेजारी बसू द्यात. ओळखत्यात का न्हाय बघू तरी."

"चोपन्न वर्षांत बोलावला न्हाय त्याला."

"म्हणून तर म्हणतोय," संभा म्हणाला. "आबा, मी लावू काय?"

"लाव. आणि परत माझं तोंड बघू नगंस."

पोरगं पन्नाशीचं झालंय, फौंड्रीत तीस माणसं त्याच्या हाताखाली आहेत. फोन खिशात ठेवून दिला. असा धाक मी घरात कमावला होता. हा धाक कमावलेल्या माणसाचं काय करावं, सांग.

मग होळीनंतर एका दुपारी तू रडलीस. पायरीवरनं उठलीस, दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी मिठी मारलीस आणि रडलीस, तसंच, आत ओढून घेतल्यासारखं. ट्रकात ऐकलं होतं ते. एकाहत्तर सालचं रडणं जिथं मी थांबवलं होतं, तिथनं पुढं चालू झालं. सुनीता तुझी बोटं सोडवायला गेली तर मी म्हणालो, "राहू दे. धरू दे तिला." मी तुझ्याशेजारी जमिनीवर बसलो. तोंड उघडलं, पण चोपन्न वर्षांनी दुसरं वाक्य काय बोलायचं ते सुचलं नाही. तू दमून तिथंच झोपलीस.

त्या दिवशी मी मनात ठरवलं की फोन लावायचा. खोटं नाही सांगत. ठरवलं, आणि म्हणालो, जोतिबाची यात्रा होऊ दे, मग लावतो. यात्रेची गर्दी, गाड्या मिळत नाहीत, केरबा म्हातारा. पाक उतरायची वेळ डोळे मिटून सांगणारा मी, घरातल्या वेळेला मात्र कारणं सांगत बसलो.

यात्रा झाली. चौथ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, सुनीता तुझे केस विंचरत होती. तू विचारलंस, "आलं काय गं कोण?" रोजचं उत्तर द्यायचं तिच्या जिवावर आलं असणार. ती म्हणाली, "आलं की आत्ती. गाडी लावाय लागल्यात." तू हसलीस. मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो, मी बघितलं. हसलीस, सुनीताच्या मांडीवर डोकं टेकलंस, आणि उठली नाहीस.

एका खोट्यावर सुखानं गेलीस. आणि ते खोटं सुद्धा मी बोललो नव्हतो. तेवढं पुण्य पण सुनीतानं घेतलं.

फोन संभानं लावला, मला न विचारता. केरबा वाटेत माणसं भरणाऱ्या वडापच्या जीपनं दोन तासांत आला. ऐंशी उलटून गेलीत, पाठीत वाकलाय, ती मोळ्या वाहणारी बोटं आता काठीवर थरथरतात. काखेत पिशवी, पिशवीत माहेरचं हिरवं लुगडं. अंगणाच्या कडेला आला आणि थांबला. अंगणात निम्मं गाव. सगळे म्हणाले, या, आत या. तो हलला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "दाजी, मला बोलवलंय काय?"

टोमणा नव्हता त्यात. शपथ घेतलेला माणूस विचारतो तसं त्यानं विचारलं. तू आत चटईवर, आणि तुझा मुराळी बाहेर उन्हात, आणि मधे मी. एक शब्द, "या." नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. हौसा, मी मान खाली घातली. राग होता का लाज होती, मला आता वेगवेगळं करता येत नाही. संभा माझ्याकडं बघत होता. त्याची ती नजर मला मरेपर्यंत पुरेल.

सुनीता आतनं म्हणाली, "आत्तींस्नीच भाईर घ्या." तसंही तुला बाहेर आणायचीच होती, तिरडी अंगणातच बांधली होती. चौघांनी तुला आणलं. केरबानं काठी टाकली, खाली बसला, लुगडं तुझ्या अंगावर पसरलं. मग तुझ्या कानाशी वाकून म्हणाला, "हौसे, चल. न्ह्यायला आलोय."

निम्म्या गावानं ऐकलं. बाया तोंडात पदर घालून रडल्या. मी खांबाला टेकून बसलो होतो तो तसाच.

त्यानं खांदा दिला. स्मशानातनं तिथल्या तिथं निघून गेला, पाणी न पिता. त्याचं-माझं अजून तसंच आहे. आता बोलावून काय उपयोग, असं एक मन म्हणतं, आणि ह्याच मनानं चोपन्न वर्षं खाल्ली. पण मला त्याच्याशी पण भांडायचंय. मी गाढव होतो, ठीक आहे. तू रे, केरबा? पायावर डोकं ठेवायला निघाला होतास ना? मग परत का आला नाहीस? माझ्या डोक्यात काठी घालून बहिणीला ओढून न्यायची होती. मानाचा पक्का निघालास, माझ्यासारखाच. आपण दोन मानकरी, आणि ही बाई गाठोडं घेऊन मधे.

तेराव्याला सुनीताचा भाऊ आला होता, निपाणीकडनं. जेवणावळ उरकल्यावर परसात नळापाशी दोघं बहीण-भाऊ भांडी विसळत बोलत होती. मी भिंतीच्या अलीकडं बसलोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"ताई, दोन वर्षं झाली तुला येऊन. अव्वा रोज इचारती. चार दिस चल की."

"आत्तींचं करायला कोण होतं? आणि आता मामा एकटं हायत. बघू पुढं."

"मी इचारू काय त्यास्नी?"

"नको बाबा," सुनीता घाईनं म्हणाली. "त्यांच्या घरात मुराळ्याचं नाव काढायचं न्हाय."

त्यांच्या घरात. बावीस वर्षं नांदलेली सून, आणि म्हणते त्यांच्या घरात. आणि भाऊ विचारायला आला नाही. संध्याकाळी माझ्या पाया पडला, निघून गेला. मी काही केलं नव्हतं त्या पोराला. कधी मोठ्यानं बोललो सुद्धा नव्हतो. काही न करता मी त्याला माझ्या अंगणातनं परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि चुलीपाशी जाऊन सुनीताला म्हणालो, "पिशवी भर तुझी."

तिच्या हातातली पळी खाली पडली. "मामा, काय चुकलं काय माझं?"

"तुझं कशाला चुकंल? माहेराला सोडतो तुला. ऊठ."

"आज? आवो, घरात सगळा पसारा पडलाय. तुमचं जेवण..."

"चाळीस वर्षं गुऱ्हाळावर पिठलं कोण ढवळत होतं? ऊठ म्हटलं की उठावं."

संभा दात घासत आला. "आबा, मी रविवारी सोडतो की गाडीवरनं."

"तू कामाला जा. रविवार लई बघितल्यात मी."

गल्लीत एकानं टोकलंच. "काय आबा, सुनंला घेऊन सकाळी सकाळी?"

"माहेराला सोडायला."

"सासरा कदी मुराळी झाला?"

"आज झाला. तुझी काय हरकत?"

स्टँडवर निपाणीची गाडी मिळाली. सुनीता खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर. कागलपर्यंत ती चोरून माझ्याकडं बघत होती, म्हातारा भ्रमला की काय म्हणून. निपाणीहून दुसरी जीप, मग थोडी पायवाट. मी मागं, ती पुढं. वळण आलं आणि तिची चाल बदलली. डोक्यावरचा पदर खाली घसरला, तिनं तो वर घेतला नाही. पायातली चप्पल निसटली, तिनं ती हातात घेतली. घर दिसलं. तिची आई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. "अव्वा!" म्हणून सुनीता ओरडली आणि मिरच्यांवरनं उडी मारून गेली. मिठी मारली, आणि मग मला सांगायला म्हणून मागं वळली.

तेव्हा ते तोंड मी बघितलं, हौसा. पंचेचाळिशीची बाई, कपाळावरचे केस पिकलेले, आणि तोंड सोळा वर्षांच्या पोरीचं. बावीस वर्षं रोज माझ्यासमोर वावरलेली सून, मला तिचं ते तोंड ठाऊक नव्हतं. आणि तुझं? चोपन्न वर्षांत तुझं असलं तोंड मी एकदाही बघितलं नाही. मला वाटत होतं, तुझं तोंडच तसलं.

म्हातारीनं पाणी दिलं, चहा टाकला. विचारलं, "मग परत कधी न्ह्यायला येनार?"

"ती फोन करंल तवा," मी म्हणालो.

चहा पिऊन रस्त्यावर आलो आणि गाडीची वाट बघत उभा राहिलो. ऊन फार आहे म्हणून तोंडावर टॉवेल धरला, तो गाडी येईपर्यंत काढला नाही.